फलाट नंबर एक

[दृश्य : भोपाळ जंक्शन. पहाट. फलाट क्रमांक १.]

पहाटेचा फलाट. चहाची पहिली किटली उकळायला लागलीय. गाडीला अवकाश आहे, त्यामुळे माणसं आपापल्या सामानावरच बसून पेंगतायत. कॅमेरा थोडा सरकला की स्मारक दिसतं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायुगळतीत ड्युटीवर असताना जे रेल्वे कर्मचारी गेले, त्यांचं. चाकांच्या बॅगा त्याला वळसा घालून पुढे जातात.

या स्मारकावर गुलाम दस्तगीर हे नाव नाही. ते या स्टेशनचे डेप्युटी स्टेशन सुपरिंटेंडंट होते. त्या रात्री ते मेले नाहीत, म्हणून नाव नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'द रेल्वे मेन' ही चार भागांची मालिका आली. तिचा नायक त्यांच्यावरच बेतलेला आहे. तिथंही हे नाव नाही. पडद्यावर ते इफ्तेकार सिद्दीकी आहेत.

[दृश्य : कारखान्याचे गंजलेले मनोरे, भिंतीबाहेरून. झुडपं, पाइप, मोडकी शिडी.]

हा युनियन कार्बाइडचा कारखाना. स्टेशनपासून दीड-पावणेदोन किलोमीटर. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन साठवलेलं होतं. त्यात पाणी शिरलं आणि टाकी तापायला लागली. ती गार ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद. गळालेला वायू जाळायचा तो फ्लेअर टॉवर, तर त्याच्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला. मध्यरात्र उलटल्यावर वायू बाहेर पडला. हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत सरकत वस्त्यांमध्ये घुसला आणि तिथून स्टेशनात.

हा शॉट आम्ही जरा लांब ठेवलाय. गंज कॅमेऱ्यात देखणा दिसतो, काय करणार.

[दृश्य : भुसावळ. घरातली बैठकीची खोली. टीव्ही, टीपॉय, खुंटीला अडकवलेली जुनी हातबत्ती.]

आता भोपाळहून मेन लाइननं खाली, भुसावळला. हे काका मध्य रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. भोपाळसुद्धा तेव्हा मध्य रेल्वेतच होतं. पश्चिम मध्य रेल्वे वेगळी झाली २००३ साली. म्हणजे १९८४ मध्ये भोपाळचा मास्तर आणि भुसावळचा मास्तर एकाच मुख्यालयाचे नोकर. मुंबई व्हीटीचे.

आम्ही काकांना मालिका लावून दिली आणि कॅमेरा त्यांच्या तोंडावर ठेवला.

पहिला अर्धा तास काका काही बोलले नाहीत. नायक झालेल्या के के मेनन यांना बघून एवढंच म्हणाले, "हा माणूस स्टेशनवर उभा राहिलेला वाटतो." के के मेनन अंबरनाथ-पुण्याकडे वाढले. अंबरनाथ तर मध्य रेल्वेवरचंच. आता तिथल्या फलाटावर किती वर्षं उभं राहिलं की असं उभं राहता येतं, ते आम्हाला माहीत नाही. पण खांदे किंचित पुढे, नजर रुळांवर, घाई झालीय पण धावायचं नाही, हे त्यांनी बरोबर पकडलंय. जनरल मॅनेजर झालेत आर. माधवन, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले. त्यांच्याकडे बघून काका जरा सावरून बसले. साहेब आले की बसतात तसे.

मग पडद्यावर आणखी एक माणूस आला. रेल्वे पोलिसाच्या वर्दीत.

"हा कोण?"

"चोर आहे काका. तिजोरी लुटायला आलाय."

"त्या रात्री?"

"हो."

काकांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, परत लावला.

[दृश्य : टीपॉयवर चहाचे तीन कप, एक चमचा, पार्ले बिस्किटांचा पुडा. क्लोज-अप.]

त्या रात्री दस्तगीर यांनी नेमकं काय केलं, हे काकांनी आम्हाला कपांवर समजावलं. डावीकडचा कप इटारसी. मधला भोपाळ. उजवीकडचा विदिशा. बिस्किट म्हणजे गाडी.

गाडी आपल्या मनानं एका स्टेशनाहून दुसऱ्याकडे जात नाही. पुढच्या स्टेशनाला विचारावं लागतं. ते विचारणं घंटीच्या ठोक्यांनी. काका चमच्यानं कपावर वाजवून दाखवतात. एक ठोका : लक्ष द्या. दोन ठोके : लाइन क्लिअर आहे का? पलीकडच्यानं तोच ठोका परत द्यायचा आणि यंत्राचा काटा 'लाइन क्लिअर'वर आणायचा. मग इकडचा सिग्नल निघतो. गाडी सुटली की तीन ठोके. पलीकडे सुखरूप पोचली की चार. प्रत्येक वेळ रजिस्टरमध्ये मिनिटासकट लिहायची. फोनवर ठरलेल्या गोष्टीला प्रायव्हेट नंबर द्यायचा-घ्यायचा. तो आकडा पुढच्याच्या कागदावर आणि आपल्या कागदावर जुळला पाहिजे, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मी असं बोललोच नव्हतो.

"आणि सहा ठोके?" आम्ही विचारलं.

सहा ठोके म्हणजे धोका. पुढे अडथळा आहे, गाडी सोडू नका. काकांचा चमचा कपावर टेकला आणि तिथंच थांबला. "ते उगाच वाजवायचे नसतात."

आम्ही ते परत मागितले नाहीत.

[दृश्य : हातबत्ती. काका काच फिरवतात : लाल, हिरवी.]

तर, रात्रीचा एकचा सुमार. दस्तगीर फलाटावर येतात. घशात खवखव, डोळ्यांची आग. काय झालंय कुणालाच माहीत नाही, कारखान्यातून कुणी कळवलेलं नाही. फलाट क्रमांक एकवर गोरखपूरची गाडी माणसांनी खच्चून भरलेली उभी आहे, आणि तिची सुटायची वेळ अजून झालेली नाही. वरिष्ठ, स्टेशन सुपरिंटेंडंट हरीश धुर्वे, तोवर गेलेले आहेत.

इथं दोन कामं करायची होती. विदिशा आणि इटारसी, दोन्ही बाजूंना कळवायचं की भोपाळकडे एकही गाडी सोडू नका. आणि उभी आहे ती गाडी काढायची.

पहिलं काम कुणालाही पटेल. दुसरं काय आहे ते रेल्वेवाल्यालाच कळतं. प्रवासी गाडी वेळेआधी सोडायची नाही, हा नियम. उशीर चालतो. उशिराची कारणं लिहायला वहीत जागा असते. वेळेआधी सुटलेल्या गाडीला कारण लिहायला जागाच नसते, असं काका म्हणतात. गार्ड तयार होत नाही, ड्रायव्हर तयार होत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. उद्या चौकशी त्यांची होणार. दस्तगीर यांनी सांगितलं, जबाबदारी माझी. गाडी सुटली.

काकांनी बिस्किट मधल्या कपापासून पुढे सरकवलं. बोट बराच वेळ त्याच्यावरच होतं.

दस्तगीर यांच्या घरचे लोक त्याच शहरात, त्याच रात्री होते. दस्तगीर स्टेशनातच राहिले.

[दृश्य : टीव्हीच्या पडद्यावर मालिका, काकांच्या खांद्यावरून.]

आता मालिकेनं यात काय काय घातलंय ते बघा. नायकाच्या मनावर जुन्या अपराधाचं ओझं घातलं. तिजोरी घातली, चोर घातला, त्या चोराचा पालट घातला. कारखाना सोडून त्याच दिवशी रेल्वेत आलेला एक तरुण घातला. आणि गाडीत शीख प्रवाशांच्या जिवावर उठलेला जमाव घातला. शीखविरोधी हिंसाचार खरा आहे, आणि भयंकर खरा आहे. पण तो इंदिरा गांधींच्या हत्येनंतरचा, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांतला. मालिकेनं तो महिनाभर पुढे आणून या गाडीत बसवला.

मालिका 'सत्य घटनेवरून प्रेरित' आहे, हे सुरुवातीलाच सांगितलंय. मान्य. चार तास माणसाला खुर्चीत बसवायचं तर नुसत्या ठोक्यांवर आणि रजिस्टरवर कसं भागेल, हेही मान्य. तरीही आमचं म्हणणं आहे की नियम मोडून गाडी सोडणारा नियमाचा माणूस एवढाच माल पुरेसा होता. त्यावर चोर चढवला की तो नियम कुठला, हे बघणाऱ्याला कळतच नाही.

पत्रकाराचंही तेच. मालिकेतला कुमावत म्हणजे राजकुमार केसवानी. आपल्या 'रपट' या साप्ताहिकात १९८२ पासून ते लिहीत होते की भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. मे २०२१ मध्ये ते वारले, मालिका यायच्या अडीच वर्षं आधी. पडद्यावर त्यांचंही नाव बदललं.

[दृश्य : मुंबई उच्च न्यायालय, ओव्हल मैदानाच्या बाजूनं. क्रिकेट चालू आहे.]

नाव बदलणं ही सोय असते. कोर्टकचेऱ्या टळतात. पण इथं टळल्या नाहीत. २०१० साली या प्रकरणात दोषी ठरलेले कंपनीचे दोन माजी अधिकारी मुंबई उच्च न्यायालयात आले. आमचं अपील अजून चालू आहे, मालिकेमुळे त्यावर परिणाम होईल, प्रदर्शन थांबवा, अशी त्यांची मागणी. न्यायालयानं ती मानली नाही. मालिका ठरल्या दिवशी लागली.

म्हणजे बघा, ज्यांची नावं खटल्याच्या कागदांवर आहेत ते मालिका अडवायला कोर्टात उभे राहू शकतात. ज्याचं नाव मालिकेतही नाही आणि स्मारकावरही नाही, त्यानं कुठं उभं राहायचं?

[दृश्य : दिल्ली, ग्रीन पार्क. उपहार सिनेमाची बंद इमारत. एकच शॉट.]

दिल्लीचा हा एकच शॉट आमच्याकडे आहे, तेवढ्यात सांगतो. १३ जून १९९७. उपहार चित्रपटगृहातली आग, ५९ मृत्यू. तिच्यावरची 'ट्रायल बाय फायर' ही मालिकासुद्धा २०२३ चीच. तिच्यात दोन मुलं गमावलेले आईबाप आपल्या खऱ्या नावांनी आहेत, नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती. त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं होतं, त्यावरूनच मालिका झाली. नीलम झाल्यात आपल्याकडच्या राजश्री देशपांडे. मेकअप जवळजवळ नाही, आवाज चढत नाही, आणि कोर्टाच्या बाकावर वर्षानुवर्षं बसलेल्या बाईची पाठ जशी दिसते तशी पाठ. ही मालिकाही थांबवायला कोर्टात अर्ज झाला होता. तोही फेटाळला गेला. खरी नावं ठेवूनही.

[दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. गर्दी. घोषणा ऐकू येते.]

हे मध्य रेल्वेचं मुख्यालय, तेव्हाचं व्हीटी. दस्तगीर यांची नोकरी याच इमारतीच्या हिशेबातली. इथंच, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, गोळीबार सुरू असताना विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक आपल्या खोलीत बसून माइकवरून लोकांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले. शस्त्र नाही, पळापळ नाही. माइक आणि रोजचा आवाज. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? ड्युटीच ना ती."

[दृश्य : कारखान्यासमोरचा पुतळा. आई, कुशीत मूल.]

पुढचं थोडक्यात. मध्य प्रदेश सरकारनं वायुगळतीचे ३,७८७ मृत्यू मान्य केले. वाचलेल्यांच्या संघटनांचा आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. १९८९ साली ४७ कोटी डॉलरमध्ये तडजोड झाली. कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन अटकेच्या दिवशीच जामिनावर सुटून गेले ते परत आले नाहीत. २०१० साली शिक्षा झाल्या दोन-दोन वर्षांच्या. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जागचा हलला जानेवारी २०२५ मध्ये. रशिदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांच्यासारख्या बायकांनी हा लढा रस्त्यावर चालवला. मालिकेचं नावच 'मेन' असल्यावर त्यांना तिथं जागा कुठली. आमच्याकडेही त्यांचं चित्रण नाही.

दस्तगीर यांचा एक मुलगा गेला. त्यांच्या स्वतःच्या घशाचं दुखणं शेवटपर्यंत राहिलं. २००३ साली ते वारले.

[दृश्य : भुसावळ. टीव्ही बंद. काका रजिस्टरसारख्या जाड वहीवर पट्टीनं रेघा मारतायत.]

चौथा भाग संपला. काका उठले आणि एक जुनी वही घेऊन आले. पट्टीनं रेघा मारल्या. रकाने पाडले : गाडी, आली, सुटली, शेरा.

"त्याचं नाव काय म्हणालात? खरं."

आम्ही सांगितलं.

पहिल्या रकान्यात गोरखपूर लिहिलं. 'आली' रिकामं. 'सुटली' समोर लिहिलं, वेळेआधी. शेऱ्याच्या रकान्यात अक्षर बारीक केलं, मावेल असं. 'डी. एस. एस. जी. दस्तगीर यांच्या जबाबदारीवर.'

[दृश्य : भोपाळ, फलाट क्रमांक १. गाडी सुटते. शेवटच्या डब्याचा लाल दिवा. आवाज तसाच ठेवा, संगीत नको.]