केमिस्ट्रीचा मास्तर ब्लूज गातो तेव्हा

ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं दुःखाचं गाणं, म्हटलं की आपल्याला गिटार आठवते आणि काळीज फाडून गाणारा माणूस, पण चार्ल्स ब्राउन ऐका, हा आवाज चढवतच नाही, पियानोवर बोटं अलगद पडतात आणि रात्री उशिरा शेजारी बसून बोलावं तसा गातो.

जन्म १९२२, टेक्सास सिटी. आई तान्हेपणीच गेली, आजीने वाढवलं, पियानोपुढे तिनेच बसवलं. आणि शिकला काय तर केमिस्ट्री! १९४२ मध्ये डिग्री, मग शाळेत केमिस्ट्रीचा मास्तर, थोडे दिवस लष्कराच्या कारखान्यात केमिस्ट.

मग गाठलं लॉस एंजेलिस. गिटारवर जॉनी मूर, बेसवर एडी विल्यम्स, पियानो आणि गाणं चार्ल्सचं, नाव थ्री ब्लेझर्स. तिघांत ड्रमवाला नाहीच. मला वाटतं सगळी जादू तिथेच आहे, ठोके द्यायला कुणी नाही त्यामुळे दोन सुरांमधली शांतता पण ऐकू येते. अशीच तिघांची मांडणी पियानोवादक-गायक नॅट किंग कोलची होती, जॉनीचा सख्खा भाऊ ऑस्कर तिकडेच गिटार वाजवायचा, पण चार्ल्सने त्या सुबक जॅझमध्ये टेक्सासचं दुखणं ओतलं. १९४५ मध्ये 'ड्रिफ्टिंग ब्लूज' रेकॉर्ड झालं, समुद्रात भरकटलेल्या जहाजासारखा एकटा माणूस, आणि गाताना कुठेही रडारड नाही. पुढे मोठा गायक झालेला रे चार्ल्स तरुणपणी सुरुवातीला हुबेहूब याच्यासारखं गायचा, यावरून काय ते समजा.

१९४८ मध्ये तो ब्लेझर्समधून बाहेर पडला. 'ट्रबल ब्लूज' १९४९ मध्ये १५ आठवडे आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत एक नंबरला, १९५१ मध्ये 'ब्लॅक नाइट' १४ आठवडे.

मग रॉक अँड रोल आलं आणि एवढं हळू गाणारा माणूस मागे पडला. 'मेरी ख्रिसमस बेबी' आणि १९६० चं 'प्लीज कम होम फॉर ख्रिसमस' दर डिसेंबरला वाजत राहिली, गाणारा मात्र छोट्या छोट्या क्लबमध्ये. किती वर्षं गेली अशी!

१९९० मध्ये गायिका बॉनी रेटने त्याला आपल्या टूरवर सोबत नेलं, त्याच वर्षी 'ऑल माय लाइफ' अल्बम आला, सत्तरीला टेकलेला आवाज पण तोच मऊपणा, आणि पियानो तर आधीपेक्षा मोकळा. हा अल्बम नक्की ऐका.

२१ जानेवारी १९९९ ला ओकलंडमध्ये तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत त्याला घ्यायचा सोहळा मार्चमध्ये होता.