शेजारचं सायगॉन

नमस्कार मंडळी. मराठी मंडळात व्हिएतनामी लोकांवर कसलं भाषण, असं समितीतल्या काहींनी मला विचारलंच. पण कॅलिफोर्नियातल्या या ऑरेंज काउंटीत इतकी वर्षं राहून बोल्सा ॲव्हेन्यूवर, म्हणजे त्यांच्या बाजाररस्त्यावर, नुसतं फो हे शेवयांचं सूप खाऊन परतणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय.

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडलं. त्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास माणसं अमेरिकेत आली. त्यांतली बरीचशी प्रथम राहिली ती आपल्या इथल्याच कॅम्प पेंडल्टन या लष्करी तळावरच्या तंबूंत. एकाच गावावर भार नको म्हणून सरकारनं त्यांना देशभर पांगवलं. पुढच्या काही वर्षांत त्यांतले कित्येक चंबूगबाळं आवरून कॅलिफोर्नियात परतले! मागून होड्यांतून जीव वाचवून आलेले त्यांना मिळाले आणि आपल्या काउंटीतल्या वेस्टमिन्स्टर गावात लिटल सायगॉन ही त्यांची वस्ती वसली. आज अमेरिकेत हा समाज वीस लाखांच्या वर आहे.

त्यांचा नेल सलूनचा, म्हणजे नखं रंगवून सजवण्याचा, धंदा सुरू झाला तो सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीतून. टिपी हेड्रेन या नटीची नखं बायकांना फार आवडली. तिनं आपली मॅनिक्युरिस्ट बोलावून वीसेक जणींना ते काम शिकवलं. भांडवल थोडं, इंग्रजी जुजबी असलं तरी भागायचं.

मला खरं सांगायचंय ते खोक्यांबद्दल. १९९४ पर्यंत अमेरिकेची व्यापारबंदी होती, घरी सरळ पैसे पाठवणं अवघड. मग कापड आणि औषधं खोक्यात भरून जायची. तिकडे घरचे ती बाजारात विकायचे आणि त्यावर घर चालवायचे. खोकं हीच मनिऑर्डर. आणि पाठवणारे कोण, तर हनोईच्या कम्युनिस्ट सरकारचं नाव काढलं तरी भडकणारे! १९९९ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या एका दुकानदारानं कम्युनिस्टांचा नेता हो चि मिन्ह याची तसबीर लावली, तर त्याच्या दारात कित्येक आठवडे निदर्शनं चालली. मला यात विसंगती दिसत नाही. वैर सरकारशी, आईच्या औषधाशी कसलं वैर?

आपण व्हिसा घेऊन आलो, सुट्टीत घरी जाऊन येतो. त्यांच्यातल्या अनेकांना वीस-वीस वर्षं आईवडिलांचं तोंड दिसलं नाही. १९९५ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळले, तेव्हापासून टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, मायदेशी जाणाऱ्यांची विमानं भरू लागली. काही म्हातारे मात्र अजून जात नाहीत. त्यांच्या दारावर दक्षिण व्हिएतनामचा जुना पिवळा झेंडाच असतो. नातवंडं खुशाल तिकडे धंदा करतात, यावरून घरात वादही होतात.

टेट आपल्या हळदीकुंकवाच्या पुढेमागेच येतो. यंदा एक रविवार लिटल सायगॉनला जायला ठेवा. सकाळी लवकर निघा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.