चेन उलटी बसली तर

नमस्कार श्रोतेहो.

चेनसॉची, म्हणजे लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीची, चेन बदलणं हे खरं तर शेजारी उभं राहून, बघून शिकायचं काम. आणि मी ते सांगणार रेडिओवर! म्हणून चित्र लागेल अशा गोष्टी कमी सांगतो, हाताला कळतात त्या जास्त.

पहिली चेन मी स्वतः बसवली तेव्हा ती झकास बसली होती. नट आवळले, मशीन सुरू केलं, ओंडक्याला लावलं. धूर निघाला, लाकूड काळं पडलं, पण भुसा काही पडेना. चेन विकणाऱ्याला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवून झाले, मग मशीन बंद करून नीट पाहिलं. चेन उलटी होती.

हे टाळायचं तर एक दात निरखून बघा. त्याच्या एका अंगाला बुटका उंचवटा असतो, त्याच्या मागे धार. तो उंचवटा धारेला लाकडात किती शिरू द्यायचं ते ठरवतो, म्हणून तो नेहमी पुढे धावतो. बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी. बारच्या वरच्या कडेवर उंचवटा आणि धार, दोघांचंही तोंड टोकाकडे हवं, तुमच्यापासून लांब. खालच्या कडेवर तेच दात तुमच्याकडे तोंड करून येतात. ते पाहून गोंधळू नका, वरची कड तेवढी बघा.

या दाताचा जन्म मोठा गमतीचा आहे. जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती जबडा डावी-उजवीकडे चालवत, आडव्या-उभ्या रेषांची पर्वा न करता लाकूड खात होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी चेन बनवली आणि पुढच्या वर्षी ती विकायला काढली. आजच्या बहुतेक चेन त्याच घराण्यातल्या.

चेन विकत घेताना ‘सोळा इंची द्या’ एवढं पुरत नाही. तीन आकडे लागतात. पहिला पिच: चेनच्या कड्या जोडणाऱ्या खिळ्यांपैकी, म्हणजे रिव्हेटांपैकी, लागोपाठच्या तीनमधलं अंतर मोजा आणि निम्मं करा. ते ३/८ इंच असेल, ०.३२५ असेल. दुसरा गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची, म्हणजे कडीची, जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. तिसरा, खाचेत बसणाऱ्या याच लिंकची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, संख्या. पिच आणि गेज बहुधा बारवर कोरलेले असतात, लिंक जुन्या चेनवर मोजता येतात. ३/८ मध्ये एक बुटकी जात आहे, ती आणि नेहमीची एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

आता हत्यार हातात घ्या. इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली. बॅटरीवर चालणारं असेल तर बॅटरी बाहेर. हातात जाड मोजे, कारण नवी चेन बंद मशीनवरही बोट कापते. झाकण उघडण्याआधी ब्रेकचा दांडा आपल्याकडे ओढून ब्रेक सोडा. काही मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा झाकणातच असतो. तो आवळलेला राहिला तर झाकण परत बसता बसत नाही.

ताण देण्याचा स्क्रू पूर्ण सैल करा. बारची खाच आणि तेलाचं भोक साफ करा, बार उलटा फिरवून लावा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, खोल घळ्या पडल्या असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेन लवकर खराब होते. चेन आधी स्प्रॉकेटवर, मग बारच्या खाचेत. ताण देणारी छोटी खुंटी बारच्या भोकात बसली ना, एवढं पाहून झाकण लावा. नट फक्त हाताने.

आणि आता बहुतेकांचं जिथे चुकतं ते. बारचं टोक हाताने वर उचलून धरा, तसंच धरून स्क्रू फिरवा आणि टोक न सोडता नट पान्ह्याने आवळा. कापताना लाकूड बारला वरच ढकलतं. बारच्या बसण्यातलं मोकळं अंतर आधीच काढलं नाही, तर पहिल्याच ओंडक्यात बार वर सरकतो आणि चेन सैल पडते.

ताण किती? खालच्या बाजूला चेन लोंबायला नको. तरीही ब्रेक सोडून वरून हाताने टोकाकडे ओढली तर सरकली पाहिजे. मधोमध धरून वर उचलली तर ड्राइव्ह लिंक खाचेच्या पूर्ण बाहेर येता कामा नयेत. ‘जितकी घट्ट तितकी चांगली’ असं मानणारे बार आणि बेअरिंग दोन्ही लवकर घालवतात.

चेनच्या तेलाची टाकी भरा, थोडा वेळ मोकळी चालवा, बंद करा, थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा बघा. नवी चेन सुरुवातीला सैल पडतेच, त्या दिवशी हे दोन-तीनदा करावं लागतं. चालू कामात गरम चेन लोंबली म्हणून आवळली असेल, तर मशीन ठेवून देण्याआधी ती सैल करा. थंड झाल्यावर पोलाद आकसतं आणि रात्रभर सगळा ओढा स्प्रॉकेट फिरवणाऱ्या दांड्यावर, शाफ्टवर, येतो.