निळी चौकट

(दृश्य: तहसील कार्यालयाचं आवार, सकाळ. गट्टूंवरून फिरणारा खराटा.)

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रविवार आहे, म्हणून तहसीलचं आवार इतकं मोकळं दिसतंय. एरवी इथं मोटारसायकलींमधून अंग चोरत दारापर्यंत जावं लागतं. आज ही पोरं दिव्यांगांच्या गाड्यांसाठी पार्किंगची जागा आखायला रंगाचे डबे घेऊन आली आहेत. परवानगीचा कागद खिशात आहे. रंग वर्गणीतून आणलाय.

टेप धरून बसलाय तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा. खाली बसायला त्याला वेळ लागतो, पण खडूची रेघ त्यालाच मारायची असते. रुंदी ३.६ मीटर, लांबी ५ मीटर. माप राष्ट्रीय इमारत संहितेतलं आहे आणि त्याला ते पाठ आहे. जागा इमारतीच्या दारापासून ३० मीटरच्या आत हवी, हेही त्याच संहितेत आहे. रुंदी एवढी का? कारचं दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता आली पाहिजे.

(दृश्य: साइड व्हीलची स्कूटी. कुबड्या पायाशी बांधलेल्या.)

इथं कारपेक्षा ही गाडी जास्त येते. मागे दोन जादा चाकं, त्यामुळे तोल जात नाही. पण हिला रिव्हर्स नाही. मागं कुणी मोटारसायकल लावून गेला, की चालणारा माणूस उतरतो आणि गाडी ओढून काढतो. ही स्कूटी चालवणारी मुलगी उतरून काय करणार? ती हॉर्न वाजवते, आणि कुणीतरी मदतीला यायची वाट बघते.

(दृश्य: पुठ्ठा, ब्लेड, निळा रंग.)

व्हीलचेअरचं चिन्ह पुठ्ठ्यातून कापलंय. चाकाचा गोल पूर्ण कापला तर आतला तुकडा गळून पडतो, म्हणून मधे बारीक पट्ट्या ठेवाव्या लागतात. आधी निळ्याचा हात. विदर्भातलं ऊन, वाळायला वेळ लागत नाही. मग पुठ्ठा दाबून धरायचा आणि पांढरा रंग स्पंजनं टिपत टिपत लावायचा. ब्रश ओढला तर रंग पुठ्ठ्याखाली पळतो. पुठ्ठा उचलताना सगळ्यांचे चेहरे बघा.

जागा कडुनिंबाखाली आहे. दाराजवळ आणि सावलीत. म्हणूनच सगळ्यांचा डोळा हिच्यावर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीची सीट आणि कॅलिपरची पट्टी, दोन्हींना हात लावता येत नाही. सावली इथं चैनीची गोष्ट नाही.

(दृश्य: सोमवार. चौकटीत पांढरी कार.)

रंग नवा आहे, चिन्ह ठळक आहे, आणि गाडी उभी आहे.

"दादा, गाडी काढता का जरा?"

"दोन मिन्टात येतो ना भाऊ. कागद द्यायचा हाय फक्त."

"आमच्याही ताईले कागदच द्यायचा हाय."

पोरं भांडत नाहीत. वायपरखाली चिठ्ठी ठेवतात. वाचून दाखवतो: "तुम्ही कुठूनही चालत येऊ शकता. आम्ही फक्त इथूनच येऊ शकतो." चिठ्ठ्या कॉलेजच्या वह्यांतल्या पानांवर लिहिल्यात, एकेक हातानं. काही जण चिठ्ठी वाचून गाडी काढतात. काही चुरगाळून टाकतात. अर्जनवीसाचं टेबलही आधी याच सावलीत होतं. त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः उचलून ते पलीकडच्या भिंतीला लावलं. अशी माणसंही आहेत, हे सांगायलाच हवं.

संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज याच कार्यालयात येतात. म्हणजे तालुक्यातल्या दिव्यांगांना चुकवता येणार नाही असं एखादं आवार असेल, तर ते हेच. त्या सोमवारी जागा न मिळाल्यानं एक काकू कागद न देताच गावी परतल्या.

(दृश्य: निवेदनाची प्रत. सह्या आणि अंगठे.)

निवेदनात मागण्या दोन. चौकटीला साखळी लावावी आणि ती उघडायची जबाबदारी दारावरच्या शिपायावर असावी. आणि गावोगावच्या सरकारी इमारतींसमोर अशी जागा आखायचा खर्च स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीतून करावा. हा निधी ग्रामपंचायतीकडेही असतो, आणि डबाभर रंगाला फार पैसे लागत नाहीत.

पुढचं निवेदन एसटी स्टँडसाठी आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम ४१: बसस्थानकावरच्या सोयींमध्ये पार्किंगच्या जागेचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. मसुदा तयार आहे, तिथलं माप घ्यायला पोरं येत्या रविवारी टेप घेऊन जाणार आहेत.