सातव्या थराची थाप

विषय दिलाय ‘हायल्युरॉनिक ॲसिडचे फायदे’, म्हणजे क्रीम-सीरममध्ये घालतात त्या पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे. फायदे सांगतेच, पण त्याआधी एक राग काढू द्या.

मध्यंतरी भाचीबरोबर एका मॉलमध्ये गेले होते. काउंटरवरच्या मुलीने तिच्या मनगटावर याच्याच सीरमचे दोन थेंब चोळले आणि म्हणाली, “मॅम, हे स्किनच्या सातव्या थरापर्यंत जातं.” मी त्वचेची डॉक्टर आहे हे भाची सांगून टाकेल, म्हणून आधी तिचा पाय दाबला. मग विचारलं, “वाटेत सहाव्या थरात काय करतं?” ती जराही अडखळली नाही. “तिथे ग्लो येतो मॅम!” (हशा) हसू नका, भाचीने बाटली घेतली. आता सात थर सुश्रुतांनीही सांगितलेत, पण त्या मुलीचा आधार तो नसावा.

खरी गोष्ट अशी, की साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू त्वचेतून सहसा आत शिरत नाही. आणि या हायल्युरॉनिक ॲसिड बाईसाहेब कधी कधी दहा लाखांच्याही वर! तुकडे केलेला लहान प्रकार थोडा आत जातो, पण सातवा मजला विसरा. त्या वरच बसतात आणि पाणी धरून ठेवतात, भिजवलेल्या सब्जासारख्या. तेवढ्यानेही त्वचा मऊ होते, बारीक सुरकुत्या काही वेळ भरल्यासारख्या दिसतात. वाईट काय त्यात?

बरं, हे काही परकं रसायन नाही. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ते साधारण १५ ग्रॅम असतं, त्यातलं निम्मं त्वचेत. १९३४ साली न्यूयॉर्कला कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गुरांच्या डोळ्यातल्या जेलीतून वेगळं काढलं. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायला लागले. होय, त्या लाल तुऱ्यातून. समोरच्या रांगेतल्या काकूंनी तोंडाला पदर लावला, पण काकू, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये सुद्धा हेच जेल वापरतात, तुमच्याही डोळ्यात गेलं असेल! (हशा) घाबरू नका, आता बहुतेक माल जिवाणूंकडून आंबवून घेतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. हळदीकुंकवाचं पाणी उकळतंय म्हणे.

तर पटपट. तोंड धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, ओलसर असतानाच सीरम लावा आणि लगेच वर साधं मॉइश्चरायझर. हे पाणी धरतं, आणत नाही. एसीत किंवा थंडीत कोरड्या चेहऱ्यावर नुसतंच लावलं, तर चेहरा उलट ओढल्यासारखा वाटू शकतो. निम्म्या तक्रारी इथल्याच. डब्यावर ‘सोडियम हायल्युरोनेट’ लिहिलं असेल तर तेही चालतं, ते याचाच क्षार. रेटिनॉलने, म्हणजे सुरकुत्यांसाठी लावतात त्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या क्रीमने, त्वचा सोलवटत असेल तर याने आराम पडतो. तेलकट त्वचेलाही जड होत नाही. वांग आणि काळे डाग याने जात नाहीत. त्याला सनस्क्रीन लागतं. आणि बजेट कमी असेल तर ग्लिसरीन असलेलं साधं लोशन घ्या, तेही पाणी धरतं.

फिलरचा प्रश्न कुणीतरी विचारला होता. ते याचंच, पण रेणू एकमेकांना जोडून घट्ट केलेलं जेल, सुरकुत्या भरायला सुईने आत घालतात. ते पार्लरमध्ये अजिबात घेऊ नका. रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. बाकीचं चहाच्या वेळी विचारा, मी तिळगूळ घेतल्याशिवाय जाणार नाहीये.