पेशीपटलाचा कच्चा माल

वनस्पतींचा रस शोषणाऱ्या माव्याच्या शरीरातील काही पेशी केवळ जिवाणूंना सांभाळण्यासाठीच असतात. त्यांत बुख्नेरा हा जिवाणू राहतो आणि रसात पुरेशी नसलेली अमिनो आम्ले माव्याला पुरवतो. या सहजीवनाची ही बाजू बहुतेकांना परिचित आहे. मेदांचा व्यवहार मात्र उलट्या दिशेने चालतो.

2000 साली बुख्नेराचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए-संच, वाचला गेला, तेव्हा तो जेमतेम 6 लाख 40 हजार अक्षरांचा निघाला. त्याच्याच कुळाशी नाते सांगणाऱ्या ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचा जीनोम सुमारे 46 लाख अक्षरांचा आहे. बुख्नेराने गमावलेल्या जनुकांत फॉस्फोलिपिडे तयार करणारी जनुकेही होती. ज्या रेणूंच्या दुहेरी थराने जिवाणूचे पेशीपटल बनते, तेच त्याला स्वतः घडवता येत नसतील, तर प्रत्येक विभाजनासाठी तो यजमानावर अवलंबून आहे, असाच निष्कर्ष निघतो.

स्टेरॉलांच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलसारख्या मेदांच्या, बाबतीत अडचण कीटकाची असते. पेशीपटलासाठी आणि कात टाकण्याच्या संप्रेरकासाठी स्टेरॉल लागते, पण कोणताही कीटक ते मुळापासून तयार करू शकत नाही. भातावरील तपकिरी तुडतुड्याला ते त्याच्या शरीरातील यीस्टसदृश बुरशी पुरवते. बहुतेक जिवाणूंना स्टेरॉल बनवता येत नसल्याने येथे बुरशीच कामी येते.

फळमाशीतील स्पायरोप्लाझ्मा हे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते. तो माशीच्या रक्तद्रवात पोहत असतो आणि तेथे मेद वाहून नेणाऱ्या लिपोफोरिन कणांतून आपल्या पटलासाठी माल उचलतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, माशीमध्ये लिपोफोरिनची निर्मिती रोखताच जिवाणूंची वाढ मंदावली. त्यांच्या संख्येला मर्यादा घालत होते ते मेद, साखर किंवा अमिनो आम्ले नव्हेत. याचा अर्थ असा, की जिवाणूला ओळखून मारणारी प्रतिकारयंत्रणा नसली, तरी माशीच्या शिधावाटपातून त्याच्यावर अंकुश राहतो. उपाशी माशीत तो फोफावत नाही.

याच टंचाईचा माशीला एक अनपेक्षित लाभ होतो. परोपजीवी गांधीलमाशी फळमाशीच्या अळीत अंडे घालते, आणि त्यातून निघालेल्या अळीलाही वाढण्यासाठी तेच मेद हवे असतात. स्पायरोप्लाझ्माने ते आधीच वापरलेले असल्यामुळे गांधीलमाशीच्या अळीची वाढ खुंटते.