कोल्हापूरच्या महाविद्यालयांतील अभिजात भाषा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात यादव राजा सिंघण याचा संस्कृत शिलालेख आहे आणि त्याच मंदिरात जुन्या कन्नडमधील लेखही आहेत. सुटीच्या दिवशी स्वर्गमंडपात फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. या ओळींपुढे मात्र सहसा कोणी थांबत नाही. त्याबद्दल पर्यटकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण इतिहास घेऊन पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याला तरी त्या वाचता याव्यात, अशी सोय आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच असते.

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अभ्यासक्रमात इंग्रजीच्या जोडीने संस्कृत, फारसी, पाली, अर्धमागधी यांसारखी एखादी अभिजात भाषा अभ्यासावी लागे. १८८० साली सुरू झालेले कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न होते. तेथे १९३० साली अर्धमागधीचे, म्हणजे जैन आगमग्रंथांच्या प्राकृत भाषेचे, अध्यापक म्हणून आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये रुजू झाले आणि १९६२ पर्यंत ते शिकवत राहिले. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात जैन समाज मोठा असल्याने या विषयाला येथे विद्यार्थी मिळणे स्वाभाविक होते. पण उपाध्ये यांनी त्या विषयाला धर्मशिक्षणाच्या चौकटीत अडकू दिले नाही. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसार’ या जैन तत्त्वज्ञानावरील प्राकृत ग्रंथाची त्यांची संपादित आवृत्ती १९३५ साली आली. पुढे उद्योतनसूरींच्या ‘कुवलयमाला’ या इ. स. ७७९ मधील प्राकृत कथेसाठी त्यांच्यापुढे मुख्यतः दोन पोथ्या होत्या, जैसलमेरची ताडपत्रावरची आणि पुण्याची कागदावरची. दोन्ही शब्दागणिक ताडून पाहायच्या, फरक तळटीपेत नोंदवायचा आणि कोणता पाठ का स्वीकारला हे स्वतःशी पक्के करायचे, असे ते काम होते. संहितेचा भाग १९५९ साली छापून झाला. याच ग्रंथात बाजारात जमलेल्या नाना प्रांतांच्या व्यापाऱ्यांचे वर्णन येते आणि त्यातले ‘मरहट्ठे’ बळकट, ठेंगणे, सावळे, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर ठरतात. शेवटची दोन विशेषणे कोल्हापूरकर फारशी नाकारणार नाहीत.

मात्र त्या काळाचे नुसते गोडवे गाणे या गावाला शोभणारे नाही. संस्कृत मंत्रांवर हक्क कोणाचा, या प्रश्नावरून वेदोक्त प्रकरण पेटले ते येथेच, आणि शाहू महाराजांनी त्यावर ठाम भूमिका घेतली. मुंबईत शाळकरी भीमराव आंबेडकरांना संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, हेही विसरता येत नाही. ज्या भाषेचे दार जन्म पाहून उघडत असे, ती कोणालाही शिकता यावी, ही सोय सरकारी अनुदानावरच्या महाविद्यालयाइतकी दुसरे कोण करू शकेल?

आज हा विषय बराचसा गुणांच्या हिशेबावर टिकून आहे. दहावीला संस्कृत घेतले की पैकीच्या पैकी मिळण्याची आशा असते, अकरावी-बारावीला टक्का वाढतो, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला तोच विद्यार्थी भाषा सोडून देतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या रचनेत भारतीय ज्ञानप्रणालीला 2 श्रेयांक आहेत. ते स्वागतार्ह असले, तरी त्या तासिकांत प्राचीन ग्रंथांविषयी मराठीतून किंवा इंग्रजीतून माहिती दिली जाते. मूळ ओळ समोर ठेवून तिचा अन्वय लावणे हे निराळे काम आहे आणि त्याला काही सत्रे सलग द्यावी लागतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा दिला. त्याचा उपयोग व्हायचा असेल, तर इतिहास, मराठी किंवा पुरातत्त्व शिकणाऱ्याला यांपैकी एक भाषा दुय्यम विषय म्हणून खरोखर घेता आली पाहिजे. नव्या रचनेत तशी तरतूद आहे. पण दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी लागत असतील, किंवा निवृत्त झालेल्या प्राध्यापकाच्या जागी तासिका तत्त्वावरचा शिक्षक वर्षागणिक बदलत असेल, तर विद्यार्थी निमूटपणे दुसरा विषय निवडतो आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी नाहीत म्हणून वर्गच बंद केला जातो.